गोगलगाय आणि तोंडात बाण

दिवाळीची सुट्टी संपली की दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक, फराळाने पोट बिघडलेले आणि दुसरे, प्रवासाने घसा बसलेले. या खेपेस त्यांच्या जोडीला एक तिसराच पाहुणा आला. शेजारच्या आडत दुकानदारांचा दहा वर्षांचा नातू मालवणहून परतला होता. "डॉक्टरकाका, हे तुमच्यासाठी," असे म्हणून त्याने पिशवीतले शंख-शिंपले माझ्या टेबलावर ओतले. आपण देशावरची माणसे. आपल्या मुलांना समुद्र पाच-दहा वर्षांतून एकदा दिसतो. मग हाताला लागेल ते ती खिशात भरून आणतात, त्यात नवल नाही.

त्या ढिगात कवड्या होत्या, शिंपले होते आणि बोटाच्या दोन पेरांएवढा, आइस्क्रीमच्या कोनासारखा निमुळता, तपकिरी ठिपक्यांचा एक सुरेख शंख होता. त्याला मात्र कुजल्याचा वास येत होता. "आई म्हणते फेकून दे. खडकातल्या डबक्यात सापडला. दिवसभर माझ्या चड्डीच्या खिशात होता. आधी हलत होता, मग हलायचा थांबला," मुलगा सांगत होता. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. वास येतो याचा अर्थ उघड होता. मुलाने उचलला तेव्हा शंखाचा मालक आत जिवंत होता. आणि हा मालक साधासुधा नव्हता.

आपल्या मराठीत एक म्हण आहे, 'गोगलगाय आणि पोटात पाय'. वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून बिलंदर माणसाला आपण ती लावतो. समुद्रातल्या या गोगलगायीच्या बाबतीत ती थोडी बदलून म्हणावी लागेल, 'गोगलगाय आणि तोंडात बाण'. हिला कोन शंख म्हणतात. शास्त्रीय नाव कोनस. पावसाळ्यात आपल्या परसात पाने कुरतडणाऱ्या गोगलगायीची ही दूरची नातेवाईक. पण ही पाला खात नाही, शिकार करते. बहुतेक जाती समुद्रातले किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात आणि काही चक्क मासे खातात. जी धावू शकत नाही ती गोगलगाय पोहणारा मासा कसा पकडणार? विष हे त्याचे उत्तर आहे.

तिच्या तोंडातला दात पोकळ असतो. इंजेक्शनच्या सुईसारखा, टोकाला माशाच्या गळासारखे आकडे असलेला. आतल्या लांबलचक नळीत तयार झालेले विष या दातात भरले जाते. सावज जवळ आले की गोगलगाय सोंड लांब करते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हा बाण त्याच्या अंगात रोवते. मासा जागच्या जागी लुळा पडतो. मग ही बाई सावकाश त्याला गिळते.

या घराण्यातली सर्वांत घातकी जात म्हणजे कोनस जिओग्राफस. नकाशासारखी नक्षी अंगावर असते म्हणून हे नाव. बोटभर लांबीपासून ती तळहाताएवढी वाढते. हिंदी महासागर आणि पॅसिफिकच्या उबदार, प्रवाळी पाण्यात ती राहते. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या बाजूला. कोकणच्या खडकांतही कोन शंखाच्या काही जाती सापडतात. त्या बहुतांशी किडे खाणाऱ्या, म्हणजे माणसाला तितक्या घातक नसणाऱ्या आहेत. आमच्या छोट्या पाहुण्याच्या खिशात आलेली त्यांपैकीच असावी. पण कोणती जात कोणती, हे दहा वर्षांच्या मुलाने पाण्यात उभे राहून कसे ओळखावे? मलाही ओळखता येणार नाही.

माणसाला हिचा दंश झाल्याची नोंद फार जुनी आहे. डच कंपनीच्या नोकरीत इंडोनेशियातील अंबोन बेटावर आयुष्य घालवलेल्या रम्फियस नावाच्या अभ्यासकाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बांदा बेटांवरील एका गुलाम स्त्रीची हकीकत आहे. सुंदर शंख म्हणून तिने तो हातात धरला आणि ती किनाऱ्याकडे चालू लागली. हाताला थोडी खाज सुटली, ती वर चढत गेली आणि ती बिचारी दगावली. पुढे १९३५ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड किनाऱ्याजवळील हेमन बेटावर २७ वर्षांच्या एका धडधाकट तरुणाने असाच एक शंख तळहातावर धरून सुरीने साफ करायला घेतला. हाताला काहीतरी टोचले. वेदना अशी झालीच नाही. थोड्या वेळात ओठ ताठरले, मग एकाचे दोन दिसू लागले, अर्ध्या तासात पाय लुळे पडले, तासाभरात शुद्ध हरपली आणि काही तासांत त्याचा मृत्यू झाला.

वाचकहो, या हकीकतीतली एक गोष्ट ध्यानात ठेवा. वेदना झाली नाही. सूज आली नाही. रक्त वाहिले नाही. आपल्या मनात विषारी दंशाचे एक चित्र पक्के असते: आग होणार, सूज चढणार, माणूस तडफडणार. हे विष तसे वागत नाही. ते मेंदूला हात लावत नाही, हृदयालाही सहसा लावत नाही. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप तेवढा ते अडवते. घरात वीज आहे, पंखाही चांगला आहे, पण बटणापासून पंख्यापर्यंतची तार तुटली, अशी ही अवस्था. आधी पापण्या पडतात, मग जीभ जड होते, गिळता येत नाही, हातपाय गळतात आणि शेवटी छातीचा भाता हलवणारे स्नायू थांबतात. माणूस विषाने म्हणून मरत नाही, श्वास थांबला म्हणून मरतो.

या दंशावर लस नाही. सापाच्या विषावर जशी घोड्याच्या रक्तापासून लस बनवतात, तशी या गोगलगायीच्या विषावर कोठेही मिळत नाही. तरीही दवाखान्यात पोचलेले रुग्ण वाचतात. कसे? विषाचा अंमल कायमचा नसतो. काही तासांनी, फार तर एक-दोन दिवसांनी तो ओसरतो. तोवर कोणीतरी रुग्णासाठी श्वास घेत राहिले, म्हणजे यंत्राने, फुग्याने किंवा तोंडाने त्याच्या छातीत हवा भरत राहिले, की निरोपांची तार पुन्हा जुळते आणि माणूस उठून बसतो.

आता तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, दुधनीला समुद्र कुठे आहे? सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरच्या गावात या समुद्री गोगलगायीचे पुराण कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी पंचवीसेक वर्षांपूर्वीची श्रावणातली एक पहाट सांगतो.

शेतातल्या वस्तीवर जमिनीवर अंथरूण घालून झोपलेला सतरा वर्षांचा एक मुलगा. रात्री दोनच्या सुमारास पोटात कळ आली, एक उलटी झाली. घरच्यांनी ओवा दिला. पहाटे त्याला डोळे उघडता येईनात. जागरणाने असेल म्हणून आणखी तासभर गेला. माझ्याकडे आणला तेव्हा पापण्या खाली आल्या होत्या, बोलणे नाकातून येत होते, तोंडातली लाळ गिळता येत नव्हती. अंगावर सूज नाही, खूण नाही. "साहेब, साप-बीप काही नाही, आम्ही बघितलंय," असे चुलते ठामपणे सांगत होते. पण माझ्या मनात एकच नाव आले: मण्यार.

मण्यार रात्री हिंडते, घरात शिरते, अंथरुणात येते. तिच्या दंशाला पुष्कळदा डास चावल्याइतकीही वेदना होत नाही. तिचे विष कोन शंखाच्या विषासारखेच नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर घाव घालते. समुद्रातली गोगलगाय आणि आपल्या बांधावरचा साप यांचा काडीचा संबंध नाही. पण दोघांनी माणसाला मारण्याचा रस्ता एकच निवडला आहे.

माझ्याकडे लस नव्हती. एक जुनी जीप मिळाली. निघताना कपाटातली अंबू बॅग, म्हणजे तोंडावर मास्क बसवून हाताने दाबायचा रबरी फुगा, मी बरोबर घेतला. अक्कलकोट जवळ येता येता मुलाचा श्वास थांबला. हात उचलला तर दगडासारखा खाली पडे. डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुली हलेना. पण नाडी चालू होती. मी फुगा दाबू लागलो. माझा हात भरून आला की कंपाउंडर, तो दमला की चुलते. सोलापूरपर्यंत तिघांनी आळीपाळीने त्या मुलासाठी श्वास घेतला. मध्येच एका खड्ड्यापाशी जीप थांबली तेव्हा मी कंपाउंडरला हळूच म्हणालो, "आता काही खरं नाही."

सोलापूरला त्याला लस मिळाली, श्वासाचे यंत्र मिळाले. तिसऱ्या दिवशी त्याने बोट हलवले. नवव्या दिवशी घरी आला. पुढे सणाला पिशवीभर तूरडाळ घेऊन दवाखान्यात आला आणि म्हणाला, "डॉक्टर, जीपमध्ये तुम्ही म्हणालात ना, आता काही खरं नाही, ते मी ऐकलं होतं. मला ओरडून सांगायचं होतं की मी जिवंत आहे. पण जीभ हलत नव्हती."

वैद्यकीच्या पुस्तकात मी वाचले होते की असा रुग्ण बाहेरून मेल्यासारखा दिसला तरी आतून जागा असू शकतो. वाचले होते, पण त्या खड्ड्यापाशी विसरलो. त्या दिवसापासून अशा रुग्णापाशी मी एक शब्दही निराशेचा बोलत नाही. आणि रात्री एक प्रश्न छळतो: हातात फुगा नसता तर मीच त्याला मृत समजून जीप परत फिरवली नसती का? आजवर आपल्या भागात अशी किती माणसे जिवंतपणी मृत ठरली असतील?

सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यांतले बहुसंख्य खेड्यांत राहणारे. कोन शंखाने जगभरात नोंदले गेलेले मृत्यू त्यापुढे नगण्य आहेत. मग मी गोगलगायीपासून सुरुवात का केली? कारण ती एक धडा स्वच्छ शिकवते. तिच्यावर लसच नाही, म्हणून तिच्या बाबतीत सगळा भर श्वासावर द्यावा लागतो. सापावर लस आहे, आणि म्हणूनच आपण श्वास विसरतो. "लस आहे का?" एवढाच प्रश्न विचारतो. लस हवीच, ती लवकरात लवकर मिळायलाच हवी. तिला पर्याय नाही. परंतु लस मिळेपर्यंतचा जो तास-दीड तास आहे, तो श्वासाशिवाय निघत नाही. मण्यारीच्या विषाने एकदा नसांची टोके निकामी केली की लस दिल्यावरही श्वास लगेच परतत नाही.

विष कसे काम करते हे कळले की लस नसतानाही जीव वाचवता येतो, याचा दाखला दूर शोधायला नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. हे विष हृदयावर घाला घालते हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वापरले आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या मान्यवर नियतकालिकातून जगाला सांगितले. त्या गोळीने असंख्य घरांतली मुले वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यात बसून, साध्या साधनांनी, विचार करून केलेली ही वैद्यकी आहे.

"फुगा दाबणे हे डॉक्टरांचे काम, सामान्य माणसाला ते कसे जमणार?" असे कोणी म्हणेल. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले ओळीने दगावू लागली. यंत्रे पुरेनात. तेव्हा ब्यॉर्न इबसेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने फुगा दाबायचे ठरले. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस फुगे दाबले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. ते अजून शिकणारे होते, डॉक्टर झालेले नव्हते. माझ्या जीपमधल्या चुलत्यांची शाळा तर चौथीतच सुटली होती.

म्हणून माझे स्पष्ट मत मांडतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि माध्यमिक शाळेत एक अंबू बॅग असलीच पाहिजे, आणि ती कपाटात कुलूपबंद न राहता चार माणसांच्या हाताला सरावलेली असली पाहिजे. बॅगेची किंमत हजार-दोन हजारांच्या घरात असते. आशाताई, शिक्षक, एस.टी.चे वाहक, तरुण मंडळांची पोरे यांना वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचे शिक्षण द्यावे. मान मागे करून हनुवटी कशी उचलायची, मास्क घट्ट कसा धरायचा, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा फुगा कसा दाबायचा आणि छाती वर येते की नाही हे कसे पाहायचे, एवढेच तर शिकायचे आहे. पुस्तक वाचून ते जमत नाही. हाताने करून पाहावे लागते. सहलीच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, त्यांच्यापाशीही हे साधन हवे. बुडालेला, साप चावलेला, कीटकनाशक पोटात गेलेला किंवा शंख डसलेला, या सगळ्यांची पहिली गरज एकच आहे. आपल्या गावच्या शिबिरासाठी मी माझा रविवार द्यायला तयार आहे. नगरपरिषदेने आणि शाळांनी जागा द्यावी.

तोवर प्रत्येक घराने काही गोष्टी पाळाव्यात. समुद्रावर गेल्यावर जिवंत शंखाला हात लावू नका. कोनासारखा निमुळता, एका बाजूला उभी अरुंद फट असलेला शंख तर नकोच. त्याची सोंड लांब होते, म्हणून रुंद टोकाकडून धरला तरी तो सुरक्षित नाही. खिशात, मुठीत, कनवटीला ठेवू नका. रामेश्वर-कन्याकुमारीच्या दुकानांतले साफ केलेले शंख निर्धोक असतात. दंश झालाच तर चिरू नका, चोखू नका. रुग्णाला आडवा करा, हलू देऊ नका, त्या हातापायाला लवचीक पट्टी खालून वर गुंडाळा आणि तातडीने रुग्णालय गाठा.

सापाच्या बाबतीत मात्र आवळून काहीही बांधू नका, कारण घोणस-फुरशाच्या दंशात त्याने हात किंवा पाय गमवावा लागतो. फळी लावून अवयव स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. साप शोधण्यात, कडुलिंबाचा पाला चारून पाहण्यात किंवा रात्रभर देवळात बसवण्यात वेळ घालवू नका. देवाला नमस्कार गाडीत बसूनही पोचतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपा. सकाळी पोटदुखीबरोबर पापण्या पडल्या असतील तर चावल्याची खूण शोधत बसू नका. आणि माणूस निपचित पडला तरी नाडी पाहा, श्वास देत राहा, मेला असे म्हणू नका. तो ऐकत असू शकतो.

जाता जाता या गोगलगायीचे थोडे ऋणही मान्य करू. फिलिपाइन्समध्ये जन्मलेले बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि त्यांचे विद्यार्थी यांनी कोनस मॅगस या जातीच्या विषातून एक घटक वेगळा केला. त्यावरून बनवलेले झिकोनोटाइड हे वेदनाशामक औषध २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. मॉर्फिननेही न थांबणाऱ्या वेदनांसाठी ते पाठीच्या कण्यातून देतात. कोनस जिओग्राफस माशांना गुंगवण्यासाठी पाण्यात चक्क इन्सुलिन सोडते, हे २०१५ साली उघडकीस आले. त्यावरून मधुमेहासाठी जलद काम करणारे इन्सुलिन बनवण्याचा अभ्यास सुरू झाला. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बलराम यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या कोन शंखांच्या विषाचा अभ्यास केला.

तो शंख मी धुऊन, वाळवून टेबलावरच्या काचेच्या बरणीत ठेवला आहे. मुले विचारतात, "डॉक्टर, हे काय?" मी सांगतो. पण त्याच्या शेजारी मी आता जुना रबरी फुगाही ठेवला आहे. शंख पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला तो दाबून बघायला लावतो.